व्हव क्लिको: बाटलीवरची 'विधवा' कोण आणि तिने नक्की काय केलं?

अबोली_२१

नमस्कार मंडळी, वाइनमधलं मला फार कळत नाही, वर्षभरापासून थोडं थोडं वाचायला लागलेय आणि आता डोक्यात नुसता गोंधळ झालाय म्हणून इथे विचारतेय. वाढदिवसाला बहिणीने व्हव क्लिको या शॅम्पेनची ती पिवळ्या लेबलची बाटली दिली. पिवळी म्हणतात पण मला तर ती सरळ केशरीच दिसते, अंड्याच्या बलकासारखी. लेबल वाचताना कळलं की फ्रेंचमध्ये 'व्हव' म्हणजे विधवा आणि मी थबकलेच. आपल्या मालावर मालकिणीचं वैधव्य कोण छापेल आणि तेही दोनशे वर्षं?

मग शोधत बसले. एका ठिकाणी लिहिलंय शॅम्पेनचा शोध याच बाईंनी लावला, दुसरीकडे तो मान मठातल्या दों पेरिन्यों नावाच्या साधूला दिलाय, तिसरीकडे म्हणे तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाला भोकं पाडून काहीतरी जादू केली आणि चौथीकडे हे सगळं जाहिरातवाल्यांनी रचलंय असं. खरं काय ते कोणी नीट सांगेल का? आणि याच घराण्याची दुसरी कुठली वाइन घ्यावी, विंटेज घ्यावी का, ती 'ला ग्रांद दाम' काय प्रकरण आहे, तेही सांगा. बाटली अजून उघडलेली नाही, तुमची उत्तरं वाचूनच उघडेन.

जुना_दप्तरी

अबोलीताई, प्रश्न छान विचारलात. मी वाइन पिण्यापेक्षा तिचा इतिहास जास्त वाचलाय त्यामुळे इतिहासाचा भाग मी घेतो, चवीचं बाकीचे सांगतील.

आधी शोधाचं मिटवू. शॅम्पेन कुणा एकाने शोधलेली नाही. दों पेरिन्यों १६६८ पासून ओव्हिलेरच्या मठात कोठारप्रमुख होता, त्याचं मोठं काम म्हणजे वेगवेगळ्या मळ्यांतली द्राक्षं एकत्र मिसळून चांगली वाइन करणं, आणि बुडबुडे तर त्याच्या काळात दोष मानले जायचे, ते टाळायचीच धडपड असायची. उलट इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर मेरेट नावाच्या माणसाने १६६२ मध्येच लिहून ठेवलंय की तिकडचे व्यापारी वाइनमध्ये साखर घालून तिला फेसाळ करतात. म्हणजे मादाम क्लिको जन्मायच्या शंभर वर्षं आधी बुडबुडे होतेच.

आता बाई. बार्ब-निकोल पाँसार्दां, जन्म १७७७ चा, गाव फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातलं रँस, वडील कापडाचे मोठे कारखानदार आणि पुढे शहराचे महापौर. १७९८ मध्ये फ्रांस्वा क्लिकोशी लग्न झालं. सासरे फिलिप क्लिको यांनी १७७२ मध्ये वाइनची पेढी काढली होती पण तो जोडधंदा होता, घरचा मुख्य व्यवसाय कापडाचा आणि सावकारीचा. फ्रांस्वाने वाइन मनावर घेतली, देशोदेशी फिरून गिऱ्हाइकं शोधली आणि ऑक्टोबर १८०५ मध्ये तापाने गेला. बाई २७ वर्षांची, पदरात सहा वर्षांची मुलगी. सासरे खचले, धंदा बंद करायला निघाले, आणि हिने त्यांना सांगितलं की मी चालवते.

इथे तुमच्या 'विधवा' शब्दाचं उत्तर आहे ताई, आणि मला वाटतं हीच या सगळ्या गोष्टीची चावी आहे. १८०४ मध्ये नेपोलियनची नागरी संहिता आली, तिच्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करता येत नसे, मालमत्तेचे व्यवहार करता येत नसत. विधवेला ही आडकाठी नव्हती. म्हणजे ज्या बाईचा नवरा जिवंत आहे तिच्या सहीला किंमत नाही आणि ज्या बाईचा गेलाय तिच्या सहीला आहे. त्यामुळे पेढीच्या नावात 'व्हव' लिहिणं म्हणजे दुःख मिरवणं नव्हतं, 'हा कारभार माझा आहे, सही माझी चालते' असं बाजाराला सांगणं होतं. बाईंनी पुढे साठ वर्षं दुसरं लग्न केलं नाही त्यामागे हेही कारण असावं असं माझं स्वतःचं मत आहे. त्याच प्रदेशात पुढे मादाम पोमेरी झाल्या, विसाव्या शतकात लिली बोलँजे झाल्या, सगळ्या विधवा, आणि घराणी त्यांनीच नावारूपाला आणली.

सुरुवात मात्र सोपी नव्हती. सासऱ्यांनी आलेक्सांद्र फुर्नो नावाच्या अनुभवी माणसाबरोबर चार वर्षांची भागीदारी करायला लावली, ती युद्धाच्या काळात चालली नाही, १८१० मध्ये संपली. त्यानंतर पेढी फक्त तिची, नाव 'व्हव क्लिको-पाँसार्दां'. युरोपात युद्ध, बंदरं बंद, रशियाने फ्रेंच बाटलीबंद वाइनवर बंदी घातलेली. आणि तळघरात पडून होती १८११ ची वाइन. त्या वर्षी आकाशात महिनोन्महिने मोठा धूमकेतू दिसत होता आणि द्राक्षाचं पीक असं आलं की लोक त्याला धूमकेतूचीच वाइन म्हणायला लागले.

१८१४ च्या वसंतात नेपोलियन पडला आणि बाईंनी जुगार खेळला. बंदी अधिकृतपणे उठायची वाट न बघता, प्रतिस्पर्ध्यांना पत्ता लागू न देता, गुपचूप एक डच जहाज ठरवलं, १०,५५० बाटल्या भरल्या आणि आपला विक्रेता लुई बोन याच्याबरोबर क्योनिग्सबर्ग बंदराकडे पाठवल्या, म्हणजे आजचं कालिनिनग्राद. माल जप्त झाला असता, उष्म्याने बाटल्या फुटल्या असत्या, तर पेढी बुडाली असती. जहाज पोचलं, बाटल्या शाबूत होत्या आणि बोनच्या दारात गिऱ्हाइकं उभी राहिली. बाकीच्या पेढ्या जाग्या होईपर्यंत सेंट पीटर्सबर्गमध्ये क्लिकोचं नाव घरोघर झालं होतं.

म्हणून मी म्हणतो की ही बाई संशोधक म्हणून नाही तर व्यापारी म्हणून मोठी होती. टेबलाची गोष्ट गोड आहे पण जहाजाची गोष्ट खरी मोठी.

साका_तळाशी

दप्तरीकाका, इतिहास सुरेख सांगितलात पण शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. जहाज एकदाच जातं हो. टेबलाने जे केलं ते आजही शॅम्पेनच्या प्रत्येक बाटलीत होतं.

अबोली, साका म्हणजे तळाशी बसणारा गाळ, हा शब्द ध्यानात ठेव (माझं नावच त्यावरून आहे). शॅम्पेन कशी होते ते बघ. आधी साधी वाइन तयार करायची, मग ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालायचं आणि बाटली बंद करायची. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल थोडं वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्याला बाहेर जायला वाट नाही म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब पाच-सहा वातावरणांइतका होतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. पण काम झालं की यीस्ट मरतं आणि त्याचा साका बाटलीतच राहतो, चिकट, दुधाळ. तो तसाच ठेवला तर वाइन गढूळ, आणि काढायला गेलं तर बूच उघडावं लागतं आणि फेस निघून जातो. त्या काळी काय करायचे तर एका बाटलीतून दुसरीत ओतायचे, म्हणजे अर्धा वायू गेला, वाइन सांडली, वेळ गेला तो वेगळाच. मोठ्या प्रमाणावर निवळ आणि फेसाळ अशी दोन्ही असलेली वाइन करताच येत नव्हती.

१८१६ च्या सुमारास क्लिकोच्या तळघरात यावर उत्तर सापडलं. टेबलाला भोकं पाडून बाटल्या त्यात मान खाली करून ठेवायच्या आणि रोज प्रत्येक बाटलीला थोडा हिसका देऊन थोडी फिरवायची. काही आठवड्यांत सगळा साका घसरत घसरत बुचावर येऊन बसतो. मग बूच उघडलं की दाबाने तेवढाच साका फटकन बाहेर उडतो, बाटली चटकन उभी करायची, कमी झालेली वाइन आणि थोडी साखर घालून भरायची आणि पक्कं बूच लावायचं. आत उरते ती निवळशंख वाइन. फ्रेंचमध्ये याला 'रम्युआज' म्हणतात, इंग्रजीतून आपण रिडलिंग म्हणतो.

आता हे बाईंनी एकटीने केलं का? तर नाही, आणि तसं म्हणणं तळघरातल्या माणसांवर अन्याय आहे. तळघरप्रमुख आंत्वान म्युलर तिच्याबरोबर होता आणि भोकं तिरकी पाडण्याची सुधारणा त्याची समजतात. पण बाई स्वतः तळघरात उतरायची, हे होणार नाही म्हणणाऱ्यांना न जुमानता प्रयोग चालू ठेवायची, हे तिचं श्रेय कोणी काढून घेऊ नये. टेबलाच्या जागी पुढे लाकडी घोड्या आल्या, इंग्रजी ए अक्षरासारख्या उभ्या, हाताने बाटल्या फिरवणारे कारागीर दिवसाला हजारो बाटल्या फिरवायचे. १९७० च्या दशकानंतर यंत्रं आली, मोठे पिंजरे असतात, सहा-आठ आठवड्यांचं काम आठवड्यात होतं. पण तत्त्व तेच, मान खाली आणि हळूहळू फिरवणं. आज फरक एवढाच की मानेतला साका गोठवतात आणि बर्फाच्या बुचासारखा उडवतात.

अबोली_२१

बाप रे, दोघांनाही खूप धन्यवाद, डोकं लख्ख झालं. साकादादा एक विचारू का, टायरपेक्षा जास्त दाब म्हणता तर मग त्या काळच्या बाटल्या फुटत नव्हत्या का? आणि साखर किती घालायची ते कसं कळायचं?

साका_तळाशी

फुटायच्या ना, ढिगाने फुटायच्या. यीस्ट म्हणजे काय हेच कुणाला नीट माहीत नव्हतं, पाश्चरचं काम अजून चाळीसेक वर्षं लांब होतं, त्यामुळे साखर अंदाजपंचे. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटायच्या, उन्हाळा चढला की तळघरात जायला कामगार तोंडावर तारेची जाळी बांधायचे. १८३६ मध्ये शालों गावच्या एका औषधविक्याने, त्याचं आडनाव फ्रांस्वा, वाइनमध्ये आधीच किती साखर आहे ते मोजून वरून किती घालायची याची पद्धत दिली, तेव्हापासून नुकसान आटोक्यात यायला लागलं. काचही पुढे मजबूत होत गेली. १८१४ च्या जहाजातल्या बाटल्या शाबूत पोचल्या याचं एवढं कौतुक का ते आता कळेल तुला, इथे मी दप्तरीकाकांच्या बाजूने आहे.

खारा_वारा

कोणी समुद्राखालच्या बाटल्यांबद्दल कसं काय लिहिलं नाही अजून? माझा तर या घराण्याशी परिचयच त्या बातमीमुळे झाला.

२०१० च्या जुलैमध्ये फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ बाल्टिक समुद्रात पाणबुड्यांना एक बुडालेलं जहाज सापडलं, साधारण ५० मीटर खोल. त्यात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या. लेबलं केव्हाच गेलेली, पण बुचाच्या आतल्या बाजूला खुणा होत्या आणि काहींवर तो धूमकेतू होता, १८११ च्या आठवणीत क्लिकोच्या बुचावर डागला जाणारा. म्हणजे दप्तरींनी सांगितलेला तोच धूमकेतू दोनशे वर्षांनी ओळखपत्र म्हणून उपयोगी पडला! त्यात झ्युग्लार आणि हाइडसिक या घराण्यांच्याही बाटल्या निघाल्या. वाइन साधारण १७० वर्षांची. समुद्रतळाशी काळोख, थंडी कायम, म्हणून टिकली.

शास्त्रज्ञांनी त्यातली वाइन तपासली, २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. साखर निघाली लिटरमागे जवळजवळ १५० ग्रॅम. आज ब्रूट म्हणजे कमी गोड शॅम्पेनमध्ये १२ ग्रॅमच्या आत असते, म्हणजे विचार करा केवढी गोड. आणि अल्कोहोल आजच्यापेक्षा कमी, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. चाखणाऱ्यांनी लिहिलंय की उघडल्याबरोबर वास चीजसारखा, ओल्या केसांसारखा येत होता, पण पेल्यात फिरवल्यावर तो उडाला आणि मग भाजल्यासारखा, धुराचा, चामड्याचा, मागोमाग फळाफुलांचा सुवास यायला लागला. हे वाचून मला खरंच भरून आलं होतं. कोणीतरी १८४० च्या आसपास हाताने फिरवून निवळ केलेली वाइन, ज्याला ती प्यायची होती त्याच्यापर्यंत ती कधी पोचलीच नाही, आणि तरी आत जीव शिल्लक.

यानंतर घराण्याने २०१४ मध्ये मुद्दाम आपल्या काही बाटल्या ऑलंडजवळ समुद्रात सुमारे ४० मीटर खोल ठेवल्यात, चाळीस वर्षांसाठी. तशाच बाटल्या रँसच्या तळघरातही ठेवल्यात, अधूनमधून दोन्ही काढून तुलना करतात.

जुना_दप्तरी

खारा_वारा, हे छान आठवण करून दिलंत. गोडीवरून सांगतो, प्रत्येक देशाची आवड निराळी होती, रशियन लोकांना सगळ्यात गोड लागायची आणि इंग्रजांना त्या मानाने कोरडी, म्हणजे कमी गोड. अबोलीताईंचं पिवळं लेबल त्यातूनच आलं. कोरडी वाइन वेगळी ओळखू यावी म्हणून पिवळं लेबल लावायला लागले आणि १८७७ मध्ये ते रीतसर नोंदवलं. तेव्हा बाई हयात नव्हत्या, त्या १८६६ मध्ये बूर्सोच्या आपल्या शातोमध्ये, म्हणजे वाड्यात, गेल्या, वय ८८. म्हणजे ज्या रंगावरून जग त्यांना ओळखतं तो रंग त्यांनी पाहिला असेल-नसेल.

आणखी एक राहिलं, एदुआर व्हेर्ले. हा जर्मनीहून आलेला पोरगा १८२१ मध्ये पेढीवर लागला. बाईंनी मधल्या काळात बँकेचा धंदाही केला होता, १८२८ मध्ये तो गोत्यात आला तेव्हा या व्हेर्लेने स्वतःचं सगळं पणाला लावून पेढी वाचवली. १८३१ मध्ये बाईंनी त्याला भागीदार केलं आणि पुढे पेढी त्याच्याकडेच गेली, लेकीकडे किंवा सरदार जावयाकडे नाही. रक्ताच्या नात्यापेक्षा काम कळणारा माणूस निवडला, मला हा निर्णय जहाजाइतकाच धाडसाचा वाटतो. (शातो मात्र घरात राहिला, पणतीकडे गेला, ती उझेसची डचेस, फ्रान्समध्ये मोटारीचं लायसन्स काढणारी पहिली बाई म्हणून ओळखतात तिला. नसानसांत असेल.) घराणं आज एलव्हीएमएच या मोठ्या समूहात आहे, १९८७ पासून.

मळेवाली

मी दोन वर्षांपूर्वी रँसला जाऊन तळघरं पाहिलीत, मग चवीकडे वळते.

खाली उतरलं की खडूचा पांढरा दगड, हात लावला तर बोटाला लागतो. मुळात या खाणी आहेत, बांधकामाचा दगड काढायला शेकडो वर्षांपूर्वी खणलेल्या, वरती अरुंद तोंड आणि खाली रुंद होत जाणाऱ्या, पिरॅमिडच्या आत उभं राहिल्यासारखं वाटतं आणि वरून एक उजेडाचा तुकडा येतो. क्लिकोकडे अशा कित्येक आहेत, बोगद्यांनी जोडलेल्या. वर्षभर दहा-बारा डिग्री, ओलसर. पहिल्या महायुद्धात रँसवर तोफगोळे पडत होते तेव्हा शहरातली माणसं अशा तळघरांत राहायला आली होती, पोरांच्या शाळा खाली भरायच्या. तिथे उभं राहून हे ऐकताना वाइनचा विचारच मनातून गेला माझ्या थोडा वेळ. शॅम्पेनचे मळे, पेढ्या आणि तळघरं २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

आता अबोली तुझी बाटली. पिवळ्या लेबलला बरेच लोक नाक मुरडतात, सगळीकडे मिळते म्हणून. मला ते पटत नाही. तीन जातींची द्राक्षं असतात तिच्यात: निम्म्याहून थोडी जास्त पिनो न्वार, त्यामुळे अंग भरलेलं असतं, साधारण तीस टक्के शार्दने तरतरी आणते आणि उरलेली म्युनिए फळाची गोलाई. त्यात जुन्या वर्षांच्या राखून ठेवलेल्या वाइन भरपूर मिसळतात म्हणून दरवर्षी चव तीच लागते. ऊन कमी, पाऊस जास्त, गारपीट झाली तरी तीच चव द्यायची हे मला एकाच चांगल्या वर्षाची वाइन करण्यापेक्षा अवघड वाटतं. कायद्याने विंटेज नसलेली, म्हणजे अनेक वर्षांची मिसळलेली, शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून १५ महिने ठेवावी लागते, हे लोक त्याच्या जवळपास दुप्पट ठेवतात. ब्रेडचा, बिस्किटाचा जो वास येतो तो साक्यावर ठेवल्यामुळे, म्हणजे साका नुसता कचरा नाही हो साकादादा!

पुढची बाटली कुठली, तर माझं ऐकशील तर थेट ला ग्रांद दाम घेऊ नकोस. ती घराण्याची सगळ्यात वरची वाइन, १९७२ मध्ये दोनशे वर्षं झाली म्हणून बाईंच्या नावाने काढली, पहिली १९६२ च्या द्राक्षांची. हल्लीच्या ग्रांद दाममध्ये नव्वद टक्के किंवा जास्त पिनो न्वार असते, पण ती कोवळी असताना दार उघडतच नाही, बंदिस्त लागते, दहा-बारा वर्षं झाल्यावर बोलायला लागते. माझी घाईत उघडून वाया गेल्यासारखी झाली. त्यापेक्षा विंटेज घे, ती फक्त चांगल्या वर्षीच काढतात, एकाच वर्षाची द्राक्षं, किमान तीन वर्षं ठेवलेली. पिवळ्या लेबलशेजारी ठेवून प्यायलीस की मिसळण म्हणजे काय आणि साल म्हणजे काय ते एका संध्याकाळी कळेल. आणि रोझे म्हणजे गुलाबी शॅम्पेन आवडत असेल तर तीही यांचीच खासियत, १८१८ मध्ये बाईंनी बूझीच्या मळ्यातली लाल वाइन पांढरीत मिसळून रोझे केली, त्याआधी लोक बेरीचा रस घालून रंग आणायचे.

साका_तळाशी

मळेवालीताई, साक्याबद्दलचं मान्य, शंभर टक्के :) रोझेबद्दल अगदी सहमत.

अबोली_२१

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी बहिणीबरोबर उघडतेय. किती थंड करू? आणि पेला तो उंच बारीक घेऊ का?

मळेवाली

आठ-दहा डिग्री, फ्रीजमध्ये तीनेक तास पुरे, फ्रीझरमध्ये ठेवू नकोस. बारीक उंच पेल्यात बुडबुडे छान दिसतात पण वास कोंडतो, त्यापेक्षा साधा पांढऱ्या वाइनचा पेला घे, पोटात रुंद आणि वर थोडा आवळलेला. उघडताना तार सैल केली की अंगठा बुचावरून काढू नको, बाटली तिरकी धर आणि बूच घट्ट पकडून बाटली फिरव, बूच नाही. फट्ट असा आवाज न येता हलकासा उसासा आला की नीट उघडली. आणि पहिला घोट घेतल्यावर पेला दहा मिनिटं तसाच ठेवून परत घे, काय फरक वाटला ते इथे येऊन लिही.